मुरलेला चहा, वेल्सचे पाणी

युन्नानमधून येणारी पु-अर चहाची चकती बहुतेक वेळा 357 ग्रॅमची असते. अशा सात चकत्या बांबूच्या वाळक्या वेष्टणात एकावर एक रचून बांधल्या की वजन अडीच किलोला एक ग्रॅम कमी भरते. सातांचा हा हिशेब छिंग राजवटीत कर आणि व्यापाराच्या सोयीसाठी ठरला आणि आजही चालू आहे. चकती बशीहून थोडी मोठी, पाठीला मधोमध खळगा, रंग काळपट तपकिरी, आणि दाबून इतकी घट्ट केलेली की चहा काढायला दाभण लागते. चहा म्हणजे डब्यातला दाणेदार सीटीसी, आले, साखर आणि दूध असे ज्याच्या मनात पक्के बसले आहे, त्याला ही वस्तू हातात घेतल्यावर करायचे काय हा प्रश्न पडणारच. पुढची प्रकरणे त्याच वाचकासाठी आहेत. ती बर्मिंगहॅममध्ये लिहिली गेली, आणि या शहराचा या चहाशी संबंध वरवर वाटतो तेवढा लांबचा नाही.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. काळ्या चहाची पाने मळून पसरून ठेवली की काही तासांत लालसर होतात. चहाच्या कारखान्यांत या पायरीला पिढ्यान्‌पिढ्या फर्मेंटेशन म्हणत आले, पण तिथे जंतूंचे फारसे काम नसते. पानातलीच विकरे हवेतला प्राणवायू घेऊन ते घडवतात. आपण ज्या चहाविषयी बोलणार आहोत तिथे मात्र बुरशी, यीस्ट आणि जिवाणू खरोखर राबतात, आणि काही तास नव्हे, आठवडे किंवा वर्षे राबतात. चीनमध्ये या घराण्यात बरीच मंडळी आहेत. हुनानच्या आनह्वामधल्या विटा, ज्यांच्या पोटात पिवळ्या ठिपक्यांची 'सोनफुले' म्हणजे एक उपकारक बुरशी मुद्दाम वाढवतात. ग्वांग्शीचा ल्यू पाओ, जो मलायातल्या कथिलाच्या खाणींवर गेलेल्या मजुरांबरोबर समुद्र ओलांडून गेला. सिछ्वानच्या या-आनमधून तिबेटकडे जाणारा वीटचहा. पु-अर त्यातला सर्वांत नावाजलेला, आणि सर्वांत जास्त दंतकथांनी लडबडलेला.

पु-अरचे दोन प्रकार. कच्चा आणि पक्का. दोघांची सुरुवात सारखीच: मोठ्या पानांच्या जातीची पाने खुडायची, थोडी कोमेजू द्यायची, लोखंडी कढईत परतायची, मळायची आणि उन्हात वाळवायची. कढईतली आच बेताचीच ठेवतात, त्यामुळे पानातली विकरे पुरती मरत नाहीत. हे वाळलेले पान वाफेवर मऊ करून चकतीत दाबले की कच्चा पु-अर तयार. नवा असताना तो हिरवट, तुरट, कधी कधी चांगलाच कडू लागतो. मग तो वर्षानुवर्षे मुरत पडतो. रंग सोनेरीवरून तांबूस, तांबूसवरून गडद होत जातो, आणि कडूपणा गळून घशात मागाहून उमटणारा गोडवा उरतो.

पक्क्या पु-अरला एवढी वाट पाहवत नाही. वाळलेल्या पानांचा मीटरभर उंचीचा ढीग घालतात, त्यावर पाणी मारतात, ओल्या कापडाने झाकतात. ढीग आतून तापू लागतो, पन्नास-साठ अंशांपर्यंत जातो, आणि ठरावीक दिवसांनी तो उलथावा लागतो, नाहीतर मधला चहा जळतो आणि कडेचा कच्चा राहतो. कोकणात आंब्याची अढी घातलेल्याला ही काळजी नव्याने सांगायला नको: पेंढ्याखालची ऊब हाताने चाचपायची, फळे परतायची, आणि एखादे सडके सापडले की लगेच बाजूला काढायचे. फरक इतका की अढीचे काम आठ-दहा दिवसांत आटपते आणि चहाच्या ढिगाला दीड-दोन महिने लागतात. ढिगात मुख्य कारभार काळ्या बुरशीचा असतो, तीच ॲस्परजिलस नायजर जिच्याकडून उद्योगात सायट्रिक आम्ल करून घेतात. ती पानातली तुरट द्रव्ये मोडून त्यांची गडद, मऊ संयुगे करते. म्हणून पक्का पु-अर कॉफीसारखा काळा दिसतो आणि तरीही जिभेला झोंबत नाही.

आता एक दंतकथा. पक्का पु-अर विकणारे त्याच्या वेष्टनावर घोड्यांचे तांडे, डोंगरातली पायवाट, हजार वर्षांची परंपरा असे बरेच काही छापतात. घोडवाट खरी होती, चहाही खरा होता. युन्नानचा चहा महिनोन्‌महिने खेचरांच्या पाठीवरून तिबेटकडे जायचा, पावसात भिजायचा, उन्हात तापायचा, आणि पोचेपर्यंत आपोआप मुरायचा. पण ढीग घालून पिकवलेला पक्का पु-अर हा 1973 ते 1975 या काळात खुनमिंगच्या सरकारी चहा कारखान्यात बसवलेला शोध आहे. कारण अगदी बाजारू होते. हाँगकाँगच्या चहाघरांना जुना, मऊ, स्वस्त चहा हवा होता. तिथले व्यापारी दमट तळघरांत चकत्या ठेवून तो घाईने मुरवत होते. ग्वांगतुंगमध्ये पाणी मारून मुरवण्याचे प्रयोग चालले होते. युन्नानचे तंत्रज्ञ तिथे जाऊन ते पाहून आले आणि घरी परतून त्यांनी ती रीत नियमात बसवली. बर्मिंगहॅमचा सुप्रसिद्ध स्पॅगेटी जंक्शन हा रस्त्यांचा गुंता 1972 साली वाहतुकीला खुला झाला. म्हणजे 'प्राचीन' पक्का पु-अर त्या काँक्रीटपेक्षा वयाने लहान आहे. याने चहाची किंमत कमी होते असे मला वाटत नाही. उलट, सरकारी कारखान्यातल्या काही कामगारांनी दोन वर्षांत अशी चव बसवावी, हे मला घोड्यांच्या तांड्यापेक्षा जास्त रोमांचक वाटते.

आणि हे पान आपल्याला परके नाही. पु-अरचे झाड आसामच्या झाडाच्याच जातीचे, मोठ्या पानांचे. रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला 1823 साली आसामात चहा सापडला असे पुस्तकांत असते. तो सिंगफो लोकांकडे आधीपासूनच होता. सिंगफो आजही पाने भाजून, उन्हात वाळवून, बांबूच्या नळीत ठासून धुरावर ठेवतात आणि त्या नळीचे तुकडे पाडून चहा करतात. नकाशावर पाहिले तर युन्नानमधले शिश्वांगपान्ना आणि वरचा आसाम यांच्यामध्ये उत्तर म्यानमारचे डोंगर तेवढे आहेत. इंग्रजांनी मळे घातले, 1930 च्या सुमारास पाने चिरडून गोळीदार करणारे सीटीसी यंत्र आले, आणि त्याच जातीचे पान पुण्याच्या अमृततुल्यात तीन मिनिटांत उकळून रंग द्यायला शिकले. म्हणजे आपल्या कपातला चहा आणि ही काळी चकती सख्खी नसली तरी चुलत भावंडे नक्की आहेत.

आता शहराकडे येतो. चहाचा इतिहास सांगणारे लंडनचे लिलाव आणि लिव्हरपूलची गोदी सांगतात. बर्मिंगहॅमचे नाव क्वचित निघते. पण इंग्रजांच्या चहाचे सामान इथे घडले. अठराव्या शतकात जॉन बास्करव्हिल, ज्याच्या नावाचा टाइप आजही छापखान्यात वापरतात, त्याने पैसा कमावला तो लाखकाम केलेल्या तबकांवर आणि डब्यांवर. त्याच्या मागून हेन्री क्ले याने 1772 साली कागदाचे थर एकावर एक चिकटवून टणक तबके करण्याचे पेटंट घेतले. 1824 साली जॉन कॅडबरीने बुल स्ट्रीटवर दुकान काढले ते चहा, कॉफी आणि कोको विकायला. तो क्वेकर पंथाचा. लोकांनी दारू सोडून हे प्यावे असा त्याचा आग्रह. पुढे चॉकलेटने चहाला दुकानाबाहेर काढले, असो. आणि 1922 साली इथल्याच बुलपिट कंपनीने 'स्वान' नावाच्या विजेच्या किटलीत तापणारी कांडी थेट पाण्यात बुडवली. त्याआधी ती वेगळ्या कप्प्यात असायची आणि पाणी उकळेपर्यंत माणूस कंटाळायचा.

पण या शहराचा खरा चहा म्हणजे टायफू. किराणा व्यापारी जॉन समनर याने 1903 साली तो बाजारात आणला. त्याच्या बहिणीला अपचनाचा त्रास होता; बारीक पत्तीचा एक चहा घेतल्यावर तिला बरे वाटले, आणि त्याने तोच चहा पुड्यांत भरून विकायचे ठरवले. नावही घेतले ते वैद्य या अर्थाच्या चिनी शब्दावरून, माल मात्र सिलोनचा. चहा सुटा तोलून देण्याचा तो काळ. समनरने बंद पुडा दिला, रोज तीच चव दिली, आणि पोटाला बरा म्हणून दिला. डिगबेथमध्ये कालव्याकाठी त्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला, दुसऱ्या महायुद्धात त्यावर बाँब पडले, तो पुन्हा उभा राहिला आणि 1978 मध्ये बंद झाला. टायफू कंपनी 2024 च्या अखेरीस डबघाईला आली तेव्हा तिला विकत घेणाऱ्या सुप्रीम कंपनीचा मुख्य धंदा व्हेपचा. आता त्या जुन्या कारखान्यात बीबीसीचे मिडलँड्स केंद्र यायचे ठरले आहे.

टायफूची गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की तिच्यात पु-अरच्या आजच्या जाहिरातीचा साचा आधीच तयार आहे. पु-अरही पोटाला बरा, चरबी जाळणारा, कोलेस्टेरॉल उतरवणारा म्हणून विकला जातो. उंदरांवर प्रयोग झाले आहेत, त्यांतले काही रंजकही आहेत. पण उंदराच्या पिंजऱ्यातून माणसाच्या ताटापर्यंतचा रस्ता लांब असतो, आणि विक्रेते तो एका उडीत ओलांडतात. खात्रीचे आहे ते असे: मुरवल्याने कॅफीन नाहीसे होत नाही, म्हणून रात्री दहाला पाचवा पेला घेणाऱ्याने झोपेची तक्रार करू नये. दुसरे, जून पानांत फ्लोराइड साठते. तिबेटात जाड्याभरड्या पानांचा वीटचहा दिवसभर, आयुष्यभर पिणाऱ्यांच्या दातांवर आणि हाडांवर त्याचा परिणाम दिसला आहे. औषध म्हणून हा चहा घेऊ नये. तेलकट जेवणावर तो छान लागतो, एवढे कारण त्याला पुरते.

हे शहर चहाला ज्या घाईने बांधत गेले, पुडा, बारीक पत्ती, झटपट किटली, तिच्या अगदी उलट टोकाला हा संथ चहा उभा आहे. तरीही तो इथे उत्तम होतो, आणि त्याचे श्रेय जाते पाण्याला. बर्मिंगहॅमच्या नळाला बहुतांश येते ते वेल्सच्या एलान खोऱ्यातले पाणी. 73 मैलांचा, म्हणजे सुमारे 118 किलोमीटरचा जलमार्ग. त्यात उतार केवळ 52 मीटरांचा, आणि तेवढ्या उतारावर पाणी एकाही पंपाशिवाय माणसाच्या चालीपेक्षाही मंद वाहत येते. जेम्स मॅन्सर्ग या अभियंत्याने ते साधले आणि 21 जुलै 1904 रोजी सातव्या एडवर्डच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी शंभराहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. भरपाई मिळाली ती जमीनदारांना, कुळांना नाही. मुळशीचे धरण ज्यांना आठवते त्या वाचकांना पुढचे सांगायला नको. चहा पिताना हे रोज आठवावे असे नाही, पण पाण्याची स्तुती करताना वगळूही नये.

हे पाणी मृदू आहे. लंडनच्या चुनखडीच्या पाण्यात चहावर तेलकट साय धरते, किटलीत पांढरे थर बसतात. कॅल्शियम चहातल्या द्रव्यांना धरून ठेवते आणि चव बोथट होते. बर्मिंगहॅमच्या पाण्यात पक्का पु-अर आरपार माणकासारखा दिसतो. मात्र हेच पाणी कोवळ्या कच्च्या पु-अरचा कडूपणाही लपवू देत नाही, हे ध्यानात ठेवावे. मराठवाड्यात विंधनविहिरीच्या जड पाण्यावर चहा करणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा गाळलेल्या, क्षार काढलेल्या पाण्यावर करावा. पूर्ण निःक्षार पाणीही नको, त्यात चहा पोकळ लागतो. दोन्ही मिसळून आपल्या जिभेला पटेल ते प्रमाण धरावे.

पाणी वेल्सने दिले आणि चकती दिली हाँगकाँगवाल्यांनी. 1950 आणि 60 च्या दशकांत न्यू टेरिटरीजमधली शेतकरी कुटुंबे ब्रिटनमध्ये येऊन खाणावळी काढू लागली. त्यांना माल पुरवायला विंग यिप यांनी 1970 साली बर्मिंगहॅममध्ये चिनी किराणा सुरू केला. त्यांनी शहराला भेट दिलेला, फूज्यानमध्ये घडवलेला दगडी पॅगोडा 1998 पासून हॉलोवे सर्कसच्या चौकात उभा आहे. तिथून जवळच हर्स्ट स्ट्रीटचा चिनी मोहल्ला. रविवारी दुपारी तिथल्या डिम सम घरात बसले की वाढपी आधी चहा कोणता हे विचारतो, आणि कँटनी माणसे 'बोलेई' म्हणतात तो आपला पु-अरच. वाफवलेल्या डुकराच्या बरगड्या, कोळंबीचे पारदर्शक मोदक, तळलेले अळकुडीचे तुकडे, या सगळ्यावर तो तुपकटपणा धुऊन काढतो. किटली रिकामी झाली की झाकण तिरके ठेवायचे, न बोलता भरून येते. शेजाऱ्याने आपला पेला भरला की दोन बोटांनी मेजावर टकटक करून आभार मानायचे; याचा उगम छ्येनलुंग बादशहाच्या वेषांतराशी जोडणारी कथा सगळेच सांगतात, ऐकायला गोड आहे. कोणी या बोलेईत वाळलेली शेवंतीही घालतो. जानेवारी 2021 मध्ये हाँगकाँगवासीयांसाठी नवा व्हिसा खुला झाल्यानंतर या मेजांवरची गर्दी आणि कँटनी बोलणे दोन्ही वाढले आहे. सोहो रोडवरून आले-वेलदोडे आणणारा मराठी माणूस हर्स्ट स्ट्रीटकडे सहसा नूडल्ससाठीच वळतो. त्याने एकदा चहासाठी वळावे.

कृतीबद्दल एक संपूर्ण प्रकरण पुढे आहेच, पण घाई असणाऱ्यांसाठी गाभा इथेच सांगून टाकतो. झाकणाचा चिनी मातीचा पेला, गायवान, साधारण शंभर मिलिलिटरचा. त्यात सहा ग्रॅम चहा. दाभण चकतीच्या कडेने आडवे घालून थर सुटे करायचे. वरून खुपसले की चुरा होतो आणि तळहाताला भोकही पडते. पाणी खळखळ उकळते, पक्क्या पु-अरला त्याहून कमी चालत नाही. पहिले पाणी ओतून लगेच फेकायचे, त्याने धूळ जाते आणि दबलेले पान उमलते. मग दहा सेकंद, गाळून प्यायचे. पुन्हा दहा, मग पंधरा, मग वीस. सहा ग्रॅम पानांतून आठ-दहा वेळा चहा निघतो आणि प्रत्येक वेळी वेगळा निघतो. तिसरा-चौथा बहुधा सर्वांत भरदार. कोवळ्या कच्च्याला पाणी थोडे निववून घ्यावे, नाहीतर तोंड वाकडे होते. एवढे सोपस्कार नको असतील तर थर्मासमध्ये चार ग्रॅम चहा, अर्धा लिटर उकळते पाणी, आणि ऑफिसला जायचे. पक्का पु-अर अति भिजला तरी कडू होत नाही, हा त्याचा मोठा गुण. नवशिक्याला तो सांभाळून घेतो.

दूध घालावे का? तज्ज्ञ दचकतात. पण तिबेटी माणसे याच घराण्याच्या चहात लोणी आणि मीठ घुसळतात, मंगोल दूध घालतात, आणि या चहाचा बहुतेक इतिहास त्यांच्याच जिवावर चालला. तेव्हा दूध घालणाऱ्याला कुणी वाळीत टाकू नये. आधी चार पेले कोरे पिऊन पाहावेत, इतकीच विनंती.

वास हा पहिला अडथळा असतो. ताज्या पक्क्या पु-अरला कधी कधी मासळीचा किंवा कोंदट ढिगाचा वास येतो. तो दोन-तीन वर्षे उघड्या हवेत ठेवल्यावर उडतो, आणि मग राहतो तो ओल्या लाकडाचा, पावसाळी जमिनीचा, थोडा खारकेचा. बुरशीची पांढरी-हिरवी लव किंवा घशाला खवखव मात्र खपवून घेऊ नये. तो मुरलेपणा नव्हे, तो खराब माल. साठवणीत बर्मिंगहॅम आणि मुंबई यांचे दुःख उलटे आहे. इथे हिवाळाभर घर तापवले की हवा कोरडी होते आणि कच्चा चहा झोपी गेल्यासारखा पडून राहतो. मुंबईत जूनपासून तो इतका जागा होतो की बुरशी धरते. साधारण साठ-सत्तर टक्के दमटपणा आणि वीस ते तीस अंश तापमान त्याला मानवते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, मसाल्याच्या फडताळापासून दूर ठेवावा. हिंगाच्या डब्याशेजारी ठेवलेल्या चकतीचे पुढे काय होते हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पैशांबद्दलही बोलायला हवे. 2007 च्या वसंतात पु-अरचे भाव चीनमध्ये सोन्यासारखे चढले; लोकांनी चकत्या पिण्यासाठी नव्हे तर ठेव म्हणून घेतल्या, आणि त्याच वर्षी भाव कोसळले. गंमत अशी की स्माओ शहराने आपले नाव बदलून पु-अर करून घेतले तेही त्याच वर्षी. त्यानंतरही लाओ पानझांगसारख्या गावाचे नाव छापलेल्या चकत्या त्या गावात उगवू शकेल त्याच्या कितीतरी पट विकल्या जातात. तीनशे वर्षांच्या झाडाचा, चाळीस वर्षे मुरलेला चहा पहिल्याच खरेदीत कुणी देऊ करत असेल तर नमस्कार करून निघावे. मेंगहाय कारखान्याची 7572 क्रमांकाची पक्की चकती हे बरे सुरुवातीचे ठिकाण आहे: पहिले दोन आकडे पाककृतीचे साल म्हणजे 1975, तिसरा पानांची प्रत, शेवटचा कारखान्याचा क्रमांक. साल पाककृतीचे आहे, चहाचे नव्हे, हे विक्रेत्यालाही कधी कधी आठवून द्यावे लागते. तीच घ्यावी, दोन-तीन वर्षांपूर्वीची, शक्यतो आधी वीस-पंचवीस ग्रॅमचा नमुना मागून. कच्च्याकडे नंतर वळावे.

पहिले प्रकरण पाण्याचे आहे, दुसरे पानाचे. भांडी तिसऱ्यात येतात, कारण भांड्यांपासून सुरुवात करणारे सहसा भांड्यांतच अडकतात आणि चहा प्यायचा राहून जातो.